इतिहास संशोधक मंडळे आणि वस्तुसंग्रहालये : दप्तरापासून दालनापर्यंत



इतिहासाच्या साधनांचे भौतिक, लिखित आणि मौखिक असे तीन प्रकार आपण फळ्यावर लिहितो. मुलं ते पाठही करतात. पण ही साधने जपली कोणी आणि ती वस्तुसंग्रहालयात पोहोचली कशी, हे सांगायचं राहून जातं.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या घरांतले कागद मिळवत. वाड्यांच्या माळ्यावर दप्तरं वाळवी खात पडलेली असत. राजवाड्यांनी ती वाचून छापायला सुरुवात केली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला आणि पुढे एकूण 22 खंड झाले. मूळ कागद जळाला, भिजला तरी छापलेला मजकूर उरतो.

पण एकटा माणूस किती करणार? म्हणून 7 जुलै 1910 रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. अभ्यासक जमले, निबंध वाचले जाऊ लागले. कागद, पोथ्या, नाणी, चित्रं येत गेली, तसं ग्रंथालय आणि वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. राजवाड्यांचं 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात निधन झालं. त्यांचा संग्रह विखुरला जाऊ नये म्हणून 1927 मध्ये तिथे राजवाडे संशोधन मंडळ सुरू झालं. त्याचंही वस्तुसंग्रहालय आहे.

म्हणजे क्रम बघा : आधी शोध, मग नोंद, मग मंडळ आणि शेवटी दालन. इमारत सर्वांत शेवटी येते.

आता आपल्या वळ गावाकडे पाहू. आजूबाजूला भातशेती होती, तिथे गोदामं उभी राहिली. जुनी घरं पाडली जातात, तेव्हा उखळ, जातं, कणगी, पायली भंगारात जाते आणि खरेदीखतं रद्दीत. आपल्याच तालुक्यातल्या लोनाडला लेणी आणि जुनं शिवमंदिर आहे, ते पाहायला लोक जातात. पण घरातल्या पायलीकडे कोण बघणार? ती एकदा गेली की तिच्यामागची माहितीही जाते.

वर्गासाठी उपक्रम

एक साधी वही घ्या. रकाने पाच : वस्तूचे नाव, कोणाच्या घरातली, कशासाठी वापरत, माहिती कोणी सांगितली, तारीख. मुलांनी आजी-आजोबांना विचारून रोज एक नोंद करावी आणि वस्तूचं चित्र काढावं. वस्तू शाळेत आणायची गरज नाही, ती ज्याच्या घरची त्याच्याच घरी राहू द्या. मोडी लिपीतला कागद सापडला तर फाडू नका, चिकटपट्टी लावू नका. त्याचा फोटो काढा आणि कागद कोरड्या जागी ठेवा.

पालकांना एकच विनंती. घर पाडण्याआधी माळा एकदा मुलांसोबत बघा. नोंद नसेल तर पायली म्हणजे नुसतं भंगार. नोंद असेल तर तीच पायली इतिहासाचं साधन.