ऊन असताना पंखा का थांबला?

मे महिन्यातली दुपार आहे असे समजा. गच्चीवर तीन किलोवॉटची सौर पॅनेल रखरखीत उन्हात तापत आहेत. इतक्यात वीज जाते आणि ज्या घरावर ही पॅनेल आहेत त्याच घरातला पंखा हळूहळू थांबतो. शेजारी विचारतात, "अहो, वीज कंपनीची गेली, सूर्य कुठे गेला?"

प्रश्न रास्त आहे. पॅनेल बिघडलेली नाहीत, इन्व्हर्टरही धडधाकट आहे. तो मुद्दाम थांबला आहे. का, ते पाहू.

पॅनेलमधून दिष्ट धारा मिळते, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. आपल्या घरातली धारा प्रत्यावर्ती असते. ती सेकंदाला ५० आवर्तने करते. दिष्ट धारेची प्रत्यावर्ती धारा करणे हे इन्व्हर्टरचे काम. पण नुसती ५० आवर्तने करून भागत नाही. कंपनीच्या तारेतला दाब ज्या क्षणी शिखरावर असेल, त्याच क्षणी इन्व्हर्टरचाही असावा लागतो. तुमच्या शाळेचे लेझीम पथक आठवा. खेळ रंगात आला असताना नवा मुलगा आत शिरतो, तेव्हा तो आधी हलगी ऐकतो, पावले जुळवतो आणि मगच लेझीम वाजवू लागतो. साधा सौर इन्व्हर्टर असाच आहे. त्याला स्वतःचा ताल नाही. कंपनीची वीज ही त्याची हलगी. हलगी थांबली की तोही थांबतो.

आता तुम्ही म्हणाल, त्याला स्वतःचा ताल धरायला शिकवले तर? शिकवता येते. पण त्याआधी रस्त्यावरच्या खांबाकडे पाहा. वीज गेल्यावर तिथे वायरमन चढलेला असतो.

आपण ज्याला डीपी म्हणतो त्यात रोहित्र असते. ते ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरगुती दाब देते. मात्र रोहित्राला उलटसुलट कळत नाही. वरून ११,००० व्होल्ट दिले तर खाली सुमारे २५० मिळतात, म्हणजे प्रमाण ४४ पट. खालून एखाद्या घराने २३० व्होल्ट ढकलले, तर वरच्या तारेवर २३० × ४४ = १०,१२० व्होल्ट उभे राहू शकतात! एरवी शेजारच्या घरांचा भारच एवढा असतो की लहान इन्व्हर्टर लगेच मान टाकतो. पण वायरमनचा जीव अशा 'एरवी'वर सोडता येत नाही. म्हणूनच तो तारा जमिनीशी जोडून मग काम करतो, आणि म्हणूनच वीज गेल्यावर इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत थांबले पाहिजे, अशी कसोटी लावली जाते.

यात एक गंमत आहे. गल्लीतील घरांना लागणारी वीज आणि पॅनेलची वीज योगायोगाने अगदी सारखी झाली, तर कंपनीचा पुरवठा तुटला तरी दाब पडणार नाही. मग इन्व्हर्टरला कळणार कसे? यावर युक्ती अशी : तो आपला ताल सतत किंचित पुढे ढकलून पाहतो. बाहेर कंपनीचे प्रचंड जाळे असेल, तर एवढ्याशा ढकलण्याने ताल हलत नाही. जाळे तुटले असेल, तर ताल सरकत जातो. ताल सरकला, की इन्व्हर्टर ओळखतो : आपण एकटे पडलो.

मग उन्हातला पंखा फिरावा कसा? त्यासाठी बॅटरी आणि बाजारात ज्याला हायब्रिड म्हणतात तो इन्व्हर्टर हवा. तो वीज गेली की आधी घराची तार रस्त्यापासून तोडतो आणि मगच स्वतः हलगी हाती घेतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. काही ठिकाणी लोक दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीतल्या प्लगमध्ये घालतात. तिथे तोडणे नाहीच, नुसते जोडणे आहे. असे कधीही करू नका, कोणी करत असेल तर थांबवा.

बॅटरी किती पुरेल? १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी घ्या. १२ × १५० = १,८०० वॉट-तास. पण शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते. निम्मीच वापरू, म्हणजे ९००. इन्व्हर्टरमध्ये शेकडा १५ वाया गेले, असे धरू, उरले ७६५. एक पंखा ७५ वॉट आणि ९ वॉटचे तीन दिवे, मिळून १०२ वॉट. म्हणजे साडेसात तास. झकास! आता पाण्याचा एक अश्वशक्तीचा पंप लावा. तो सुमारे १,००० वॉट खाईल. कागदावर पाऊण तास, प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण १५० हा आकडा बॅटरी सावकाश रिकामी केली तरच खरा ठरतो. शिवाय सुरू होताना पंप कितीतरी पट धारा ओढतो.

विक्रेते एका दमात सांगतात, "बिल शून्य येईल आणि वीज कधी जाणार नाही." या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी बॅटरी लागत नाही. दुपारी जास्तीची वीज कंपनीला द्यायची, रात्री परत घ्यायची, हिशेब मीटर ठेवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठेवले गेले, ते छपरावरच्या याच पद्धतीसाठी. बॅटरी लागते ती दुसरीसाठी. जिथे वीज महिन्यातून तासभर जाते तिथे तो खर्च, माझ्या मते, व्यर्थ आहे. जिथे रोज चार तास जाते, तिथली गोष्ट निराळी.

ओळखीच्या कोणाकडे सौर इन्व्हर्टर असेल तर एक निरीक्षण करा. त्याला हात न लावता, वीज परत आल्यावर घड्याळ पाहा. दिवे लागतात, पण इन्व्हर्टर लगेच जोडला जात नाही. काही वेळ तो नुसता ऐकत राहतो. तो वेळ किती, हे वहीत लिहा आणि तो का थांबला असेल, हे वर्गात शिक्षकांना सांगा.