पडलेला मनोरा आणि सतराव्या मिनिटाचं लिंबू



"गटात काम करा" असं आपण वर्गात दिवसातून चारदा तरी सांगतो. पण गटात काम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मुलांना कधी शिकवतो का? बहुतेक वेळा चौघं गोल करून बसतात, एक हुशार मूल काम उरकतं आणि बाकीचे तिघं बघतात. आपणही नोंदवहीत 'गटात सहकार्याने काम करतो' असं लिहून मोकळे होतो.

यासाठी एक छान उपक्रम आहे. पीटर स्किलमन यांनी तो तयार केला आणि टॉम वुजेक यांनी २०१० च्या टेड व्याख्यानातून तो जगभर पोहोचवला. चौघांच्या गटाला स्पॅगेटीच्या २० कच्च्या काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरी आणि एक मार्शमॅलो, म्हणजे स्पंजासारखी मऊ गोड वडी, द्यायची. १८ मिनिटांत आपला आपण उभा राहील असा मनोरा बांधायचा आणि वडी टोकावर बसवायची. वुजेक सांगतात की, व्यवस्थापनाचं शिक्षण नुकतंच पूर्ण केलेले पदवीधर यात बालवाडीच्या मुलांपेक्षाही मागे पडतात! मोठी माणसं आधी प्रमुख कोण ते ठरवतात, मग आराखडा, मग बांधकाम, आणि अगदी शेवटी वडी. ती ठेवली की मनोरा वाकतो, आणि तोवर वेळ संपलेली असते. बालवाडीतली मुलं पहिल्यापासून वडी ठेवून बघतात. पडलं की पुन्हा बांधतात.

आपल्याकडे स्पॅगेटी कुठून आणणार? मी खराट्याच्या काड्या आणि लिंबू घेतलं. लिंबू वडीपेक्षा जड, पण काडीही स्पॅगेटीपेक्षा चिवट, त्यामुळे हिशेब जमतो. चिकटपट्टी आणि सुतळी एकेक मीटर. काड्यांची टोकं डोळ्यांना लागतात, तेव्हा गटागटात अंतर ठेवा.

चौथीच्या वर्गात सहा गट केले. कोणता गट पहिल्यांदा लिंबू कितव्या मिनिटाला ठेवतो, ते मी फळ्यावर लिहीत गेले. १८ मिनिटं संपली तेव्हा एकही मनोरा उभा नव्हता.

आणि लगेच सुरू झालं, "हिनेच पाडलं बाई!" लिंबू ठेवणाऱ्या मुलीकडे तिघांची बोटं, आणि तिचे डोळे भरलेले. मला वाटतं, या उपक्रमाचा खरा तास इथून सुरू होतो. इथे आपण "जाऊ दे, भांडू नका" म्हणून विषय मिटवला, तर मुलं एवढंच शिकतात की ज्याच्या हातात पडलं, त्याची चूक. मी त्यांना फळा दाखवला. त्यांच्या गटासमोर १७ लिहिलं होतं. विचारलं, "हे लिंबू पाचव्या मिनिटाला ठेवलं असतं तर?" थोडा वेळ शांतता. मग त्याच तिघांतला एक म्हणाला, "तेव्हापण पडलं असतं. पण परत बांधता आलं असतं."

यानंतर 'कोणी' हा शब्द बंद, फक्त 'काय' आणि 'केव्हा'. आधी काय वाकलं? काडीचा शेंडा, कारण तो बारीक. बुंध्याकडची बाजू जाड. चौकोन डुलत होता, त्रिकोण डुलत नव्हता. एका गटाने सगळी चिकटपट्टी पायातच संपवली होती. आणि दोन गटांत कोणीतरी सुरुवातीलाच "लिंबू जड आहे" म्हणालं होतं, पण हळू आवाजात. ते ऐकलंच गेलं नाही.

दुसऱ्या फेरीचे नियम मुलांनीच ठरवले. काडीला हात लावण्याआधी प्रत्येकाने एक गोष्ट बोलायची. लिंबू पाच मिनिटांच्या आत एकदा ठेवून बघायचं. चिकटपट्टी एकानेच सांभाळायची. (गटप्रमुख नेमण्यापेक्षा हे चिकटपट्टीचं काम मला जास्त उपयोगी वाटलं. प्रमुख नुसता ओरडतो.) दुसऱ्या दिवशी सहापैकी चार मनोरे उभे राहिले. उंची फार नव्हती, पण मुलांनी ती पट्टीने सेंटीमीटरमध्ये मोजली, म्हणजे मापनाचा सरावही झाला. आणि माझ्या नोंदवहीत या वेळी 'इतरांना बोलायला लावतो', 'साहित्य पुरवून वापरते' अशा, त्या त्या मुलाच्याच नोंदी आल्या.

बक्षीस मात्र लावू नका. वुजेक यांनी एकदा दहा गटांसमोर मोठं बक्षीस ठेवलं होतं, तेव्हा एकाही गटाचा मनोरा उभा राहिला नाही.

पालकांनी यासाठी लिंबू-काड्याच आणायला हव्यात असं नाही. दिवाळीत किल्ला करताना हेच सगळं घडतं. महाराजांची मूर्ती कुठे बसणार आणि तिथली माती ती पेलेल का, हे मुलांनी किल्ला अर्धा असतानाच ठेवून बघू दे. बुरूज ढासळला तर बाबांनी लगेच थापी घेऊन धावू नये. दहा मिनिटं गॅलरीतूनच बघावं.