विशेष गरजांची मुले आणि मदतनिसांची वाटणी

सर्वसाधारण शाळेत दिव्यांग बालकांना सामावून घेण्याचे धोरण आपल्या देशात नवे नव्हे. केंद्र शासनाने १९७४ साली अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षणाची योजना हाती घेतली. १९८२ मध्ये ती समाजकल्याण विभागाकडून शिक्षण विभागाकडे आली. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने या धोरणास कायद्याचे अधिष्ठान लाभले. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास परिसरातील शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. मात्र पटावर नाव आले म्हणजे बालक शिकू लागले असे होत नाही. त्याच्या शेजारी कोण बसणार, किती वेळ बसणार आणि काय करणार, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

प्रमाण ठरले, प्रश्न उरला

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीशकुमार पांडे प्रकरणी दिलेल्या निर्णयात प्राथमिक स्तरावर दर १० विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढील स्तरांवर दर १५ मुलांमागे एक, असे अंतरिम प्रमाण घालून दिले. पुरेशी पदे भरली जाईपर्यंत फिरत्या शिक्षकांकडून काम भागविण्याची मुभाही ठेवली. प्रमाण निश्चित होणे ही मोठीच सोय होय, कारण त्यामुळे पदांची मागणी करण्यास आधार मिळतो. तथापि हे प्रमाण किती माणसे हवीत एवढेच सांगते. ती कोठे व कशासाठी पाठवावीत, हा निर्णय तालुका व केंद्र पातळीवरच घ्यावा लागतो. आणि नेमक्या याच ठिकाणी सरसकट समान वाटणीचा मोह होतो.

समजा, एका केंद्रात १२ शाळा आहेत आणि त्यांपैकी आठ शाळांत मिळून प्राथमिक वर्गांतील १० विशेष गरजांची मुले आहेत. प्रमाणानुसार त्यांच्यासाठी एक विशेष शिक्षक मिळेल. आठवड्याचे पाच पूर्ण दिवस व शनिवारची सकाळ आठ शाळांत सारखी वाटली, तर प्रत्येक शाळेच्या वाट्यास अर्ध्या दिवसापेक्षा थोडा अधिक वेळ येतो. कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते. आता ती १० मुले कोण आहेत ते पाहू. चौघांना वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता आहे, दोघे अल्पदृष्टी आहेत, दोघांना बौद्धिक दिव्यांगत्व आहे, एका मुलास ऐकू येत नाही आणि एक मुलगी मेंदूच्या पक्षाघातामुळे चाकाच्या खुर्चीवर आहे.

अल्पदृष्टी मुलांना मोठ्या अक्षरांची पुस्तके, फळ्याजवळची जागा व पुरेसा उजेड मिळाला की विशेष शिक्षकाने पंधरवड्यातून एकदा डोकावणे बहुधा पुरते. श्रवणदोष असलेल्या मुलास भाषा घडविण्यासाठी आठवड्यातून दोन-तीन बैठका हव्यात, त्याला अर्धा दिवस अपुरा आहे. चाकाच्या खुर्चीवरील मुलगी कदाचित वर्गातील हुशार विद्यार्थिनी असेल. तिला विशेष अध्यापन नकोच. तिला दररोज दोन वेळा शौचालयापर्यंत नेणारे व उचलून बसविणारे माणूस हवे, आणि ते माणूस स्त्रीच असले पाहिजे. सोमवारी येऊन जाणारा विशेष शिक्षक कितीही तज्ज्ञ असला तरी मंगळवारी तिच्या उपयोगी पडत नाही. अशी मुलगी दिवसभर पाणी न पिता बसून राहते, मग तिची गैरहजेरी वाढत जाते आणि अखेर तिचे नाव गळतीच्या तक्त्यात जाते. तेथे ‘पालकांची उदासीनता’ असे कारण लिहिले गेले, तर ते तिच्यावर अन्यायाचेच ठरेल.

दोन वेगळी कामे

यावरून हे लक्षात येईल की शिकविण्याची मदत आणि देहधर्माची व हालचालीची मदत ही दोन स्वतंत्र कामे असून त्यांची मोजणीही वेगळी केली पाहिजे. पहिल्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला प्रशिक्षित शिक्षक लागतो व तो अनेक शाळांत फिरू शकतो. दुसऱ्यासाठी गावातीलच विश्वासू मदतनीस लागते. तिला रोज यावे लागते, पण अनेकदा दिवसातून दोन तासच. तेव्हा मागणीपत्रकात केवळ मुलांची संख्या न देता प्रत्येक मुलासमोर कामाचे स्वरूप, दिवस आणि तास लिहावेत. मुख्याध्यापक, विशेष शिक्षक व पालक यांनी एकत्र बसून हे टिपण केल्यास उत्तम, कारण मुलास घरी काय जमते हे पालकांइतके कोणासच ठाऊक नसते.

काही गरजा माणसाविनाही भागतात. शौचालयातील भिंतीला एक आधारदांडी, दाराशी उतरता मार्ग, वर्ग तळमजल्यावर आणणे, एवढ्याने काही मुलांची मदतनिसाची गरज निम्म्यावर येते. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्याचा विचार करताना सदस्यांनी शाळेची पाहणी अवश्य करावी.

मदत अधिक, प्रगती कमी?

मदतनीस वाढविले की प्रश्न सुटला, असेही नाही. इंग्लंड व वेल्समधील शाळांतील साहाय्यक कर्मचाऱ्यांविषयी लंडन विद्यापीठाच्या शिक्षणसंस्थेने केलेल्या विस्तृत अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये पुढे आले. ज्या विद्यार्थ्यांना साहाय्यकांची मदत अधिक मिळाली, त्यांची प्रगती तशाच इतर विद्यार्थ्यांपेक्षा कमी झाल्याचे त्यात आढळले. दोष साहाय्यकांचा नव्हता. मुलाजवळ साहाय्यक आहे म्हटल्यावर शिक्षकाचे त्याच्याकडे येणे कमी झाले होते. साहाय्यक मुलास समजावण्यापेक्षा हातातले काम पुरे करून देण्याकडे वळत होते आणि पाठापूर्वी शिक्षकाशी बोलण्यास त्यांना सवड मिळत नव्हती.

आपल्याकडे साहाय्यकांची संख्या तुलनेने फारच अल्प असली तरी ही खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मदतनिसाने मुलाची वही लिहून देऊ नये. विशेष शिक्षक आल्या दिवशी त्या मुलास वर्गाबाहेर ओसरीत घेऊन बसण्याची पद्धतही शक्य तेथे टाळावी. त्यापेक्षा वर्गशिक्षकास एखादी युक्ती शिकवून जाणे अधिक मोलाचे, कारण उरलेले दिवस मूल त्यांच्याच हाती असते. त्यासाठी भेटीतील निदान अर्धा तास दोन्ही शिक्षकांच्या बोलण्यासाठी राखून ठेवावा.

वाटणी एकदा करून वर्षभर तशीच ठेवणेही योग्य नव्हे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती पुन्हा तपासावी. ज्या मुलास आधाराची गरज उरली नाही, त्याचे तास दुसऱ्याकडे वळवावेत. चौथी संपवून दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या मुलांकडे विशेष लक्ष हवे. मूल जूनमध्ये नव्या शाळेत जाते, पण मदतनीस जुन्या शाळेच्या नावावर राहते आणि नवी मागणी मंजूर होईपर्यंत सहामाही उलटते. अशा मुलांची यादी कामाच्या तासांसह एप्रिलमध्येच केंद्रप्रमुखांकडे पोहोचली, तर शाळा उघडण्यापूर्वी नव्या गावात माणूस शोधता येते.