गिझर रिकामा करून भरण्याविषयी



झाशीच्या घरातील गिझर होळीनंतर बंद होतो आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाच पुन्हा लागतो. त्याआधी त्याची टाकी एकदा पूर्ण रिकामी करून, धुऊन भरावी. युरोपातील घरे उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरांत तेच पाणी बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे फिरते. गिझरात रोज नवे पाणी येते आणि आपले क्षार मागे ठेवते. बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइट खडकातले बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. ते तापले की कॉइलवर पांढरा, खरखरीत थर चढतो, उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही आणि कॉइल आतल्या आत तापून जळते.

आदल्या रात्रीच एमसीबी खाली करावा, प्लग असल्यास तो काढून ठेवावा, आणि पाणी निवल्यावर सकाळी काम हाती घ्यावे. भिंतीवरच्या बटणावर विसंबू नये, कारण त्याने बहुधा एकाच तारेतला पुरवठा तुटतो. मग गिझरात येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करून न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ उघडा ठेवावा. त्यातून हवा आत शिरल्याशिवाय टाकी रिकामी होत नाही. त्यानंतर खाली बादली ठेवून, थंड पाण्याच्या नळीचा नट पान्याने हळूहळू सैल करावा. सुरुवातीला पाण्यासोबत क्षारांचे पांढरे कपचे पडतील. मग नट पुन्हा आवळून, कॉक थोडा सोडून टाकीत पाणी घ्यावे आणि कॉक बंद करून ते तसेच काढावे; पाणी स्वच्छ येईपर्यंत टाकी अशी धुवावी.

सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढल्यास पाणी बाहेर सोडणारी झडप, हा या सर्व प्रकरणातील जिवाचा प्रश्न आहे. 15 अंशांचे 25 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापले की सुमारे 400 मिलिलिटरने फुगते, आणि त्याला मागे जायला वाट नसेल तर तेवढे पाणी या झडपेतूनच थेंबथेंब बाहेर पडते. ही गळती समजून अनेक घरांत झडपेचे तोंड बुचाने बंद केले जाते, हे अत्यंत घातक आहे: थर्मोस्टॅट बिघडला, तर वाढत्या दाबाने टाकी फुटू शकते. झडप क्षारांनी जाम झाली असेल, तर ती बदलूनच घ्यावी. हा खर्च टाळू नये.

भरताना नट घट्ट करून, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवूनच कॉक सोडावा. आधी हवा फुसफुसत, अडखळत बाहेर पडेल. पाण्याची धार काही मिनिटे अखंड वाहिली, म्हणजे टाकी भरली असे समजावे. सांधे कोरडे आहेत याची हाताने खात्री करावी, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, आणि तोवर एमसीबीला हात लावू नये. पाण्याविना चालू केलेली कॉइल थोड्याच वेळात जळते.