संगणकाचीही तपासणी हवी

रुग्णाच्या पोटातील व्याधी शोधणारे आपण, स्वतःच्या संगणकाच्या पोटात काय आहे हे क्वचितच पाहतो. माझ्या लहानशा रुग्णालयातील संगणक मी तपासले ते ‘जावा’साठी. प्रयोगशाळेची वा क्ष-किरण चित्रांची प्रणाली बसविताना तंत्रज्ञ हा घटक सोबत घालून जातो. वेगळे पैसे मोजलेले नसतात, म्हणून आपण तो फुकटचा समजतो.

ओरॅकल कंपनीने १६ एप्रिल २०१९ पासून जावाच्या आठव्या आवृत्तीची नवी अद्यतने (क्रमांक २११ व पुढील) व्यावसायिक वापरासाठी सशुल्क केली. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत तर आकारणी संगणकांवर नसून एकूण कर्मचाऱ्यांवर आहे. लहान संस्थांसाठी त्या वेळचा दर माणशी दरमहा १५ डॉलर. म्हणजे जावा एकाच संगणकावर असली, तरी साठ कर्मचाऱ्यांचे महिन्याला ९०० डॉलर! त्यात आयाबाई आणि रखवालदारही आलेच.

तपासणी सोपी आहे. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ‘जावा’ नावाचे फोल्डर शोधावे व आतील क्रमांक टिपून घ्यावा. २०२ वा त्याआधीचा असल्यास शुल्काचा प्रश्न नाही. मात्र त्यानंतरच्या सुरक्षा-दुरुस्त्या त्यात नाहीत, आणि रुग्णांची माहिती त्याच संगणकात असते. पुढचा असल्यास परवाना कोणाचा, हे प्रणालीच्या विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. कधी त्याच्या कराराखाली आपला वापर येतो. नसल्यास ‘ओपनजेडीके’वर आधारलेली मोफत ‘टेमुरिन’ चालेल का, हे विचारावे. जुना घटक आधीच काढू नये. सकाळी रिपोर्ट छापायचे असतात.