बाळंतविडा कोणासाठीं?

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत गव्हाणींतल्या बाळाच्या बाळंत्याचा उल्लेख आहे. त्या परक्या गांवींही बाळाला कोरडें वस्त्र होतें. आपल्या शेजारच्या बाळांना तें आहे काय, ह्याचा आज विचार करूं.

गेवराई तालुक्यांतून, तसेंच सर्व बीड जिल्ह्यांतून, दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. तान्हें मूल फडाच्या कडेस निजवून आई पहांटेपासून मोळ्या वाहते. कोपीपाशीं पाणी थोडें, वेळ त्याहून थोडा. तान्ह्याचा लंगोट दिवसांतून १०–१२ वेळां बदलावा लागतो. जवळ चारच असले तर ओलाच पुन्हां बांधावा लागतो. मग कातडी लाल होते, चिरते, आणि बाळ रात्रभर रडतें. बाजारांतले डायपर रोज घेणें मजुरीला परवडत नाहीं. शिवाय त्यांतलें प्लास्टिक मातींत कुजत नाहीं.

ह्यावर आपली जुनी रीत आहे, ती बाळंतविड्याची. परंतु तो आपण लेकीसुनांस देतों, परक्या बाईस देत नाहीं. फिनलंड देशानें १९३८ सालीं गरीब मातांस बाळाच्या कपड्यांची पेटी देण्यास आरंभ केला, व १९४९ पासून ती सर्व मातांस खुली केली. महाराष्ट्र शासनानेंही २०१९ सालीं सरकारी दवाखान्यांत पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या स्त्रियांसाठीं अशी योजना काढली. दुसऱ्या बाळाची काळजी मात्र शेजाऱ्यांनींच वाहावयाची.

देतांना तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, संख्या. एका भरजरी झबल्यापेक्षां दोन डझन साधे लंगोट बरे. दुसरी, कापड. जुनें मऊ सुती लुगडें किंवा धोतर उकळत्या पाण्यांत धुवून कडक उन्हांत वाळवावें, व मगच फाडून शिवावें. विरलेलें व डागाळलेलें देऊं नये. तिसरी, रीत. गाड्या निघण्यापूर्वीं, बाईनें बाईच्या घरीं जाऊन, तिला काय हवें तें विचारून द्यावें. चावडीपुढें नांव पुकारून दिलेल्या दानानें बाळाचें अंग झांकतें, पण आईची मान खालीं जाते.

सभेंत विचारावें: आपल्या वस्तींतून यंदा कोणत्या तान्ह्याची आई फडावर जाणार? तिच्या गांठोड्यांत लंगोट किती आहेत? आणि आपल्या पेटींत घडी घालून ठेविलेलें जुनें लुगडें कोणाची वाट पाहत आहे?