मधमाशीचा निरोप आणि फवारणीची वेळ

गाय वासरासाठी हंबरते, बैल धन्याची हाक ओळखतो, आणि आकाशात घार दिसताच कोंबडी जो आवाज काढते तो मांजर दिसल्यावरच्या आवाजाहून निराळा असतो. यावरून जनावरांनाही माणसासारखी भाषा असते काय, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. परंतु हे आवाज समोरच्या गोष्टीविषयी, त्या क्षणापुरतेच असतात. डोळ्यांआडच्या वस्तूचा ठावठिकाणा दुसऱ्यास कळविणे ही फार निराळी गोष्ट होय. ती ज्या थोड्या प्राण्यांना साधते, त्यांत मधमाशी अग्रगण्य आहे.

फुलोऱ्याचे चांगले शेत सापडले की कामकरी माशी पेटीत परतून उभ्या पोळ्यावर नाचू लागते. पोट हालवीत ती सरळ रेघेत धावते, एकदा उजवीकडून व एकदा डावीकडून वळून मूळ जागी येते व पुन्हा धावते. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी ही वाट होते. धाव सरळ वर असेल तर शेत सूर्याच्या दिशेस आहे, आणि उभ्या रेषेच्या उजवीस ३० अंश असेल तर सूर्याच्या उजवीस ३० अंशांवर आहे, असे समजावे. धाव जितकी लांबेल तितके अंतर अधिक. पेटीतील अंधारात इतर माशा नाचणारीस स्पर्शिकांनी चाचपून हे समजून घेतात. फुलांचा वास तिच्या अंगावर असतोच. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हे कोडे उलगडले व १९७३ साली नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

आपल्याकडे पेट्यांत पाळली जाणारी सातेरी माशीही असाच नाच करते. मात्र तेवढ्याच अंतरासाठी तिची धाव आग्या माशीपेक्षा लांबते, असे दक्षिण भारतातील निरीक्षणांवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक जातीची बोली जणू वेगळी!

तरीही ही माणसाची भाषा नव्हे. फॉन फ्रिश यांनी उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी पेटी ठेवून माथ्यावर साखरपाणी ठेविले. तेथून परतलेल्या माशा नाचल्या, पण इतर माशा जमिनीलगतच शोधीत राहिल्या. 'वर' हा शब्दच त्यांच्या नाचात नाही. तसेच, पुढे काय घडणार आहे हेही त्यात सांगता येत नाही.

शेतकऱ्याचा संबंध येतो तो येथेच. बियाण्याच्या कांद्यात फुलातील पराग आधी बाहेर पडतो व स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून दुसऱ्या फुलाचा पराग कीटकांनी आणावा लागतो. सकाळी एका माशीला असा प्लॉट सापडतो, तिच्या नाचावरून शेकडो माशा तिकडे वळतात, आणि दहा वाजता मालक पंप घेऊन फवारणीस निघतो. काही माशा शेतातच मरतात, तर काही विषारी पराग घेऊन पेटीत परततात व तो पिलांच्या खाद्यात जातो. दुसऱ्या दिवशी पेटीसमोर मेलेल्या माशांचा खच दिसतो. नुकसान केवळ मधुपाळाचे नसते. डेंगळ्यांत बी कमी भरते ते फवारणाऱ्याच्याच शेतात.

यास्तव पीक फुलोऱ्यात असताना फवारणी शक्य तो टाळावी. टाळता येत नसेल तर सूर्यास्तानंतर, माशा पेटीत परतल्यावर करावी, व भुकटी मुळीच धुरळू नये. माणसाच्या भाषेत उद्याचे सांगता येते, तेव्हा मधुपाळास एक दिवस आधी निरोप धाडावा. त्याने रात्री पेटीचे दार हवा खेळेल अशा बारीक तारेच्या जाळीने बंद करावे, पेटी सावलीत ठेवावी व वर ओले पोते टाकावे. उन्हाळ्यात पेटी फार वेळ बंद ठेविल्यास माशा गुदमरतात, म्हणून मुदत कमीत कमी असावी. सातेरी बहुधा एक किलोमीटरच्या आसपासच फिरते. तेवढ्या टापूतील पेट्या व त्यांच्या मालकांची नावे ग्रामसेवकांनी हंगामापूर्वीच नोंदवून ठेवावीत.